‘पार्किंगसह घर भाड्याने देणे आहे’ : एका ओळीतला हक्क आणि एका ओळीतली परवानगी

(टेंभुर्णी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस आता घरांची एजंटगिरी करायला लागला की काय. तसं नाही. पण हा विषय टेंभुर्णीत बोलण्यासारखा आहे, हे मात्र मी ठामपणे सांगेन. आपलं गाव पुणे-सोलापूर हायवेवरचं. इथल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी पुण्याकडं आहे. कुणी कंपनीत आहे, कुणी हॉस्पिटलात, कुणी स्वतःची कॅब किंवा टेम्पो चालवतं. आपल्या दारातला हा रस्ता सरळ जातो तो लोणी काळभोर, मांजरी, हडपसर या पट्ट्यात. पोरं तिथं राहतात आणि कामाला खराडी, मगरपट्टा, हिंजवडी असं कुठंकुठं जातात. म्हणून त्यांना घर लागतं आणि गाडी लावायला जागाही लागते.

जाहिरातीत एक ओळ असते : ‘वन बीएचके, पार्किंगसह, फॅमिलीला प्राधान्य.’ यातल्या ‘पार्किंगसह’ या शब्दाचा अर्थ काय, एवढाच आजचा प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो. पण भाडेकरू आणि घरमालक यांच्यातली निम्मी भांडणं या एका शब्दातून निघतात, कारण दोघं तो वेगवेगळ्या अर्थानं वापरतात.

रुमाल आणि सफरचंद

एसटी स्टँडवर आपण काय करतो? गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकतो आणि जागा धरतो. मग दुसरा कुणी तिथं बसला तर म्हणतो, “अहो, रुमाल होता माझा!” आता तत्त्वज्ञानाच्या नजरेनं बघा. गाडी महामंडळाची, सीट सगळ्यांची, तिकीट अजून काढलेलं नाही. तरी एका रुमालानं ती जागा ‘माझी’ झाली, असं आपण मानतो आणि गंमत म्हणजे बरेचसे लोक ते मानतातही.

हा विचार जुना आहे. रोमन लेखक सिसरो यानं स्टोइक मंडळींचं म्हणणं मांडताना नाट्यगृहाचं उदाहरण दिलं आहे. नाट्यगृह सगळ्यांचं, पण जो ज्या जागेवर बसला ती तेवढ्यापुरती त्याची म्हणायला हरकत नाही. इथं ‘तेवढ्यापुरती’ हा शब्द महत्त्वाचा. नाटक संपलं, माणूस उठला, की जागा पुन्हा सगळ्यांची.

यापुढची पायरी गाठली ती इमॅन्युएल कांट यानं, १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. तो विचारतो, एखादं सफरचंद माझं आहे म्हणजे काय? ते माझ्या हातात आहे म्हणून माझं, हे पुरेसं नाही. हातात तर चोराच्याही असू शकतं. मी ते खाली ठेवून निघून गेलो आणि तरीही ते माझंच राहिलं, तर ते खऱ्या अर्थानं माझं. म्हणजे मालकीची किंवा हक्काची परीक्षा मी हजर असताना होत नाही, मी गैरहजर असताना होते.

पार्किंगला ही कसोटी अगदी फिट्ट बसते. तुम्ही सकाळी आठला गाडी काढून कामाला गेलात. रात्री साडेनऊला, पावसात, दमून परत आलात. मधल्या साडेतेरा तासांत ती जागा कुणाची होती? ती तुमची राहिली असेल, तर तुम्हाला पार्किंग मिळालं आहे. ‘जो आधी येईल त्यानं लावावी’ असं असेल, तर तुम्हाला पार्किंग मिळालेलं नाही, रुमाल टाकायची मुभा मिळाली आहे. दोन्हीला जाहिरातीत ‘पार्किंगसह’ असंच म्हणतात!

म्हणून घर बघायला गेल्यावर “पार्किंग आहे का?” असं विचारू नका. “मी नसताना ती जागा माझी असते का?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. दुसऱ्या प्रश्नाला मालक क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात बरंच काही कळतं.

जे आपल्याकडं नाही ते देता येत नाही

आता दुसरा मुद्दा. मालक म्हणतो, “पार्किंग मी विकत घेतलंय, तुम्ही बिनधास्त लावा.” तो खोटं बोलतो असं नाही. त्यानं बिल्डरला पैसे दिलेलेही असतील. पण पैसे दिले म्हणजे मालकी आली, असं इथं होत नाही.

यावर मुंबईतल्या दहिसरच्या एका सोसायटीचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नहालचंद लालूचंद ही बिल्डर कंपनी विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था. निकाल ३१ ऑगस्ट २०१० चा. इमारतीच्या खांबांच्या मधली जी जागा असते, जिला आपण स्टिल्ट पार्किंग म्हणतो, ती स्वतंत्रपणे विकायचा बिल्डरला अधिकार आहे का, हा प्रश्न होता. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकीविषयक कायद्याच्या आधारे न्यायालयानं सांगितलं, की अधिकार नाही. अशी जागा म्हणजे फ्लॅट नव्हे आणि गॅरेजही नव्हे. ती इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे. पुढं २०१६ च्या रेरा कायद्यानं उघड्या पार्किंगची गणना सामाईक जागांतच केली आणि गॅरेजची व्याख्या दिली : वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. म्हणजे नव्या इमारतीतही नुसता पांढरा पट्टा ओढून त्याला गॅरेज म्हणता येत नाही.

मग सोसायटीत जागा कुणाला मिळते? ते सोसायटी ठरवते. आदर्श उपविधींप्रमाणे जागा सभासदाला नेमून दिली जाते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी सोडत काढायची, चिठ्ठ्या टाकायच्या. सभासदाला मिळतो तो वापराचा हक्क. ती जागा तो विकू शकत नाही.

आता ही साखळी नीट बघा. जमीन आणि सामाईक जागा सोसायटीकडं. सोसायटीनं वापर दिला सभासदाला. सभासदानं, म्हणजे तुमच्या घरमालकानं, तुम्हाला परवानगी दिली. तुम्ही साखळीच्या तिसऱ्या कडीवर आहात. वरच्या कडीत जेवढं आहे त्यापेक्षा जास्त खालच्या कडीत येऊच शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मालकाला वर्षापुरती जागा सोडतीत मिळाली असेल, तर तो तुम्हाला दोन वर्षांचा शब्द कसा देणार?

यातून एक साधं काम निघतं. मालकाला म्हणा, “सोसायटीनं तुम्हाला ही जागा दिल्याचं पत्र दाखवा.” रागवायचं कारण नाही, नम्रपणे विचारा. पत्र नसेल, तर निदान सेक्रेटरींना भेटून खात्री करून घ्या, की भाडेकरूची गाडी त्या जागेवर चालते.

भाडेकरू नव्हे, परवानगीधारक

तिसरा मुद्दा करारनाम्याचा. आपण बोलताना ‘भाडेकरू’ म्हणतो. पण आज महाराष्ट्रात घर देताना जो करार करतात तो बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. लायसन्स म्हणजे परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातल्या कलम ५२ मध्ये तिची व्याख्या आहे. त्या मिळकतीत तुमचा कसलाही हितसंबंध तयार होत नाही, फक्त एरवी जे बेकायदा ठरलं असतं ते करायला मुभा मिळते.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं. त्यामुळं मालक ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळून ‘परवानगी’वर घर द्यायला लागले. मग कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानगीधारक म्हणून राहत होते, त्यांना भाडेकरू मानलं गेलं. मालक घाबरले, घरं कुलूप लावून ठेवायला लागले. शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपली, की परवानगीधारकानं घर सोडायचं. नाही सोडलं तर दुप्पट दरानं भरपाई. म्हणजे पारडं पुन्हा मालकाकडं झुकलं.

पण याच कलमात एक वाक्य आहे, ते मी मुद्दाम सांगतो. परवानगीचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. निर्णायक म्हणजे त्यावर पुढं वाद नाही. आता विचार करा. करारात ‘पहिल्या मजल्यावरील सदनिका क्रमांक अमुक’ एवढंच लिहिलंय आणि पार्किंगचा उल्लेख नाही. मग तुमचं पार्किंग कुठं आहे? मालकाच्या तोंडात. आणि तोंडचा शब्द, मालक चांगला असेल तोपर्यंतच चालतो.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरे.’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं, की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

खर्चाची भीती असते, म्हणून आकडाच मांडतो. समजा भाडं १५,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडं झालं १,६५,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं, अकरा महिन्यांचं झालं सुमारे ४,५८३. बेरीज १,६९,५८३. त्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट आपले पैसे वेगळे घेतो, ते आधी विचारून घ्या. पण महिन्याच्या भाड्याच्या मानानं सरकारी खर्च हा एवढाच आहे.

करारात काय लिहायचं

फार नाही, चार-पाच वाक्यं.

एक, जागेचा क्रमांक आणि प्रकार : झाकलेली, उघडी, तळघरातली, की यांत्रिक. दोन, गाडीचा प्रकार आणि नंबर. चारचाकी एक आणि दुचाकी एक असेल तर दोन्ही लिहा, कारण ‘दुचाकीला कोण विचारतंय’ म्हणणारेच पुढं विचारतात. तीन, पार्किंगचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, आणि सोसायटीनं शुल्क वाढवलं तर ते कोण भरणार. चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं : मुदतीच्या मधेच सोसायटीनं जागा बदलली किंवा काढून घेतली तर काय? भाडं किती कमी होणार, की एक महिन्याची नोटीस देऊन तुम्हाला डिपॉझिटसह मोकळं होता येणार? पाच, गाडी विजेवर चालणारी असेल तर चार्जिंग कुठून आणि मीटर कुणाचा.

एक गोष्ट वेगळी ओळखायला शिका. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून ‘नॉन-ऑक्युपन्सी’ शुल्क घेते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं त्याला मर्यादा आहे : सेवाशुल्काच्या दहा टक्के, महापालिकेचे कर वगळून. हे शुल्क मालकाच्या नावावरचं आहे. त्याचा पार्किंगशी संबंध नाही.

आणि घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, कारण निम्म्या गाड्या बाहेर असतात. कामाच्या दिवशी रात्री दहाला जा. गेटबाहेर किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा. तीच त्या सोसायटीची खरी परिस्थिती. स्वतःची गाडी आत नेऊन लावून बघा. खांब आडवा येतो का, उतार किती, तुमच्या मागं दुसऱ्याची गाडी लागणार असेल तर सकाळी सहाला त्याला उठवायचं कुणी. तळघर असेल तर पावसाळ्यात पाणी येतं का, हे वॉचमनला विचारा. मालकापेक्षा वॉचमन जास्त खरं सांगतो, कारण त्याला त्यात काही विकायचं नसतं.

दोन गाड्या म्हणजे एक घरकुल

आता जरा मोठा प्रश्न घेऊ. एका मोटारीला किती जागा द्यायची याचं माप बांधकामाच्या नियमावलीत ठरलेलं आहे : अडीच मीटर गुणिले पाच मीटर. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दोन गाड्या म्हणजे २५ चौरस मीटर. हा २५ चा आकडा आपल्या ओळखीचा आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असावं, स्वयंपाकाच्या जागेसकट, असा नियम आहे. म्हणजे शहरात दोन गाड्या जेवढ्या जागेत झोपतात, तेवढ्यात खेड्यात एक कुटुंब संसार करतं. मी गाडीवाल्यांना नावं ठेवत नाही. आकडा फक्त शेजारी-शेजारी ठेवतो.

ही जागा फुकट नसते. अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की पार्किंगचा खर्च गाडीवाल्याकडून वेगळा घेतला नाही, तर तो घराच्या किमतीत, भाड्यात, दुकानातल्या मालात मिसळतो आणि ज्याच्याकडं गाडीच नाही तोही तो भरतो. म्हणून तुमच्याकडं गाडी नसेल तर मालकाला जरूर विचारा, “पार्किंग नको, भाडं किती कमी कराल?” जपाननं दुसरा रस्ता धरला. १९६२ च्या कायद्यानं तिथं गाडी घ्यायची तर आधी ती लावायला जागा आहे याचा दाखला द्यावा लागतो, आणि आज ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. म्हणजे आधी जागा, मग गाडी. आपल्याकडं आधी गाडी, मग जागा, आणि मग भांडण.

मग अपुरी जागा वाटायची कशी? जो आधी येईल त्याला, जो जास्त पैसे देईल त्याला, ज्याची गरज मोठी त्याला, किंवा चिठ्ठ्या टाकून. प्राचीन अथेन्समध्ये नगराच्या मंडळावरची माणसंसुद्धा चिठ्ठ्या टाकून निवडत, कारण चिठ्ठी श्रीमंत-गरीब ओळखत नाही. सोसायटीच्या सोडतीत तोच न्याय आहे आणि मला तो आवडतो. पण त्या मडक्यात भाडेकरूच्या नावाची चिठ्ठीच नसते. तो मेंटेनन्स भाड्यातून भरतो, पाणी वाचवा म्हटलं तर वाचवतो, गणपतीची वर्गणी देतो. सभेत मात्र त्याला मत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामाईक साधनं लोक एकत्र येऊन कशी सांभाळतात या अभ्यासाबद्दल. त्यांचं एक निरीक्षण असं, की नियमांचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना नियम ठरवताना सहभाग असेल, तिथं ती व्यवस्था टिकते. आपल्या पाणीवाटपातही आपण हे बघतो. टेलच्या शेतकऱ्याला बैठकीत बोलावलं नाही, तर तो रात्री दार फोडतो. भाडेकरूला मत द्यायला कायदा बदलावा लागेल. पण वर्षातून एकदा त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कुठलाच कायदा आड येत नाही. विशेषतः ज्याची गाडी म्हणजेच पोट आहे, त्या कॅबवाल्याचं, टेम्पोवाल्याचं. इतरांसाठी पार्किंग ही सोय असते. त्याच्यासाठी ती उद्याची मजुरी असते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मालकानं तोंडी पार्किंग दिलं होतं. आता सोसायटीनं गाडीला जॅमर लावला. काय करायचं?*

आधी भांडू नका. तुमचा करार मालकाशी आहे, सोसायटीशी नाही. मालकाला लेखी कळवा, मेसेज चालेल, की तुम्ही दिलेल्या जागेवर हे झालं. त्यानं सोसायटीशी बोलायचं. करारात पार्किंग नसेल तर नवा करार करताना ते घाला, आणि तोवर मालकाचे जुने मेसेज जपून ठेवा. ‘गाडी खाली लावा’ असा एक मेसेजसुद्धा उपयोगी पडू शकतो. प्रकरण फार ताणलं तर वकील गाठा. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, कोर्टात माझा उपयोग नाही.

*प्रश्न : सर, गाडी घ्यावी की जवळ घर घ्यावं?*

हा खरा प्रश्न. गाडीचा हप्ता, पेट्रोल आणि पार्किंगचे पैसे महिन्याला किती होतात ते कागदावर मांडा. तेवढे पैसे भाड्यात घातले तर कामाच्या किती जवळ जाता येतं ते बघा. हडपसर, मांजरी, लोणी ही स्टेशनं पुणे-दौंड मार्गावर आहेत, ती तुमच्या कामाच्या वेळेला जुळतात का तेही बघा. पुष्कळदा पार्किंगसह लांबचं घर आणि पार्किंगशिवाय जवळचं घर, यांत दुसरं स्वस्त पडतं. रोजचे दोन तास वाचतात ते वेगळेच.

*प्रश्न (एक विद्यार्थिनी) : मुलींना खोली देतानाच नाही म्हणतात. तिथं स्कूटरच्या जागेचं कुठं विचारणार?*

बाई, तुमचा प्रश्न माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा मोठा आहे. आपण मागायला जातो तेव्हा आधीच इतके दबलेले असतो, की घर मिळालं हेच उपकार वाटतात आणि पुढचं काही विचारायची हिंमत होत नाही. ‘परवानगी’ या शब्दाचा मनावर होणारा परिणाम हाच. पण बघा, परवानगीसुद्धा एकदा पैसे घेऊन, सही करून दिली, की तो शब्द झाला. दिलेल्या शब्दाचा तपशील विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. स्कूटरला नियमावलीप्रमाणे एक मीटर गुणिले दोन मीटर जागा लागते. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुलीसाठी ती गेटच्या आत आणि उजेडात असणं, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तेव्हा विचारा, आणि करारात लिहून घ्या. इथं बसलेल्या आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे, की मुलीबरोबर घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा बघाल तसा रात्री दहाला खालचा दिवाही बघा. चालू आहे की नाही ते.